चढ टाचेला, उतार गुडघ्याला

साताऱ्यात गुडघेदुखीवर उपाय विचारायला कुणाकडे जावं लागत नाही. राजवाड्यापासून मोती चौकापर्यंत जरा लंगडत चालून दाखवा, घरी पोहोचेपर्यंत पाच-सहा औषधं पदरात पडलेली असतात. निर्गुडीचा पाला गरम करून बांधा. एरंडेलाने चोळा. रात्री मेथ्या भिजत घाला. डिंकाचे लाडू खा, पण थंडीतच हं. औषधं माणसागणिक बदलतात, शेवटचं वाक्य मात्र सगळ्यांचं एकच असतं: "आणि आता ते किल्ल्यावर जाणं बंद करा बाई."

बाई म्हणजे मी. इथल्या एका माध्यमिक शाळेत भूगोल शिकवते, निवृत्ती आता हाकेच्या अंतरावर आली आहे. उजव्या टाचेच्या मागे दुखतं आणि डावा गुडघा झिजलाय. ही जोडी मोठी खोडसाळ आहे. चढताना पाऊल घोट्यात वर वाकतं आणि टाचेमागचा भाग ताणला जातो, म्हणजे चढ टाचेला बाधतो. उतरताना दर पावलाला अख्ख्या शरीराचं वजन गुडघ्यावर तोलून हळूच खाली सोडावं लागतं, म्हणजे उतार गुडघ्याला बाधतो. हिशेबाने मी एखाद्या सपाट गावात राहायला हवं. आणि सातारा वसलाय अजिंक्यतारा किल्ल्याच्या कुशीत, उतारावर. कोथिंबिरीची जुडी आणायला निघालं तरी जाताना उतार आणि येताना चढ. भूगोलाच्या शिक्षिकेने जमिनीच्या उंचसखलपणाबद्दल तक्रार करू नये, पण करते.

"बंद करा" हा सल्ला ऐकायला शहाणपणाचा वाटतो. दुखतंय ना, मग वापरू नका. एका मे महिन्याच्या सुट्टीत एका डॉक्टरांनी मला पूर्ण विश्रांती लिहून दिली होती. चालणं नाही, जिना नाही, शक्यतो पाय वर. सुट्टीभर टाच अगदी शहाण्यासारखी वागली. जूनमध्ये शाळा सुरू झाली, दुसऱ्या मजल्यावर नववीचा वर्ग, आणि पहिल्याच आठवड्यात दुखणं परत हजर. पूर्वी दुसऱ्या मजल्यावर कुरकुरायचं, आता पहिल्याच मजल्यावर कुरकुरायला लागलं. विश्रांतीने दुखणं गेलं नव्हतं, फक्त पायाची झेपण्याची हद्द खाली आली होती.

असं का होतं ते समजायला टाचेच्या मागे काय आहे ते बघावं लागतं. पोटरीचे दोन मोठे स्नायू खाली येता येता एका जाड, चपट्या पट्ट्यात मिळतात आणि तो पट्टा टाचेच्या हाडाला जाऊन चिकटतो. ही कंडरा. बोलताना आपण तिला नसच म्हणतो. ग्रीक कथेतल्या अकिलीसच्या नावाने ओळखली जाणारी ही कंडरा शरीरातली सर्वांत जाड आणि बळकट. साधं चालताना तिच्यावर शरीराच्या वजनाच्या तिप्पट-चौपट ताण येतो, धावताना तो सहा ते आठ पटींवर जातो. आणि एवढं काम करणाऱ्या या अवयवाला रक्तपुरवठा बेताचाच असतो. स्नायू दुखावला तर आठवड्या-दोन आठवड्यांत सावरतो. कंडरेचा कारभार महिन्यांच्या हिशेबाने चालतो.

किती सावकाश, याचा एक पुरावा फार विलक्षण आहे. 1950 आणि 60च्या दशकांत उघड्यावर झालेल्या अणुचाचण्यांमुळे हवेतल्या कार्बन-14चं प्रमाण एकदम वाढलं आणि चाचण्या थांबल्यावर ते हळूहळू उतरत गेलं. हा कार्बन वनस्पतींत, तिथून अन्नात आणि अन्नातून जगभरच्या माणसांच्या शरीरात शिरला. शरीरातली एखादी पेशी किंवा धागा कोणत्या सुमाराला तयार झाला, ते या कार्बनवरून ओळखता येतं. डेन्मार्कमधल्या संशोधकांनी 2013 साली अकिलीस कंडरेचा असा तपास जाहीर केला. निघालं असं, की कंडरेचा गाभा साधारण सतराव्या वर्षापर्यंत, म्हणजे उंची वाढत असते तोवर घडतो आणि पुढे जवळजवळ बदलतच नाही. म्हणजे माझ्या टाचेतला गाभा मी बारावीत होते तेव्हाचा आहे. त्याच्यावर मी संसार केला, दोन बाळंतपणं काढली, जरंडेश्वराचा डोंगर चढून श्रावणी शनिवार केले, आणि शाळेच्या फरशीवर उभं राहून मोसमी वारे शिकवले. त्याने कुरकुर केली तर मी फार रागावू शकत नाही.

या दुखण्याची ओळख सकाळी पटते. पलंगावरून उतरून टाकलेली पहिली काही पावलं भिंतीला धरून. चहा होईपर्यंत पाय मोकळा होतो. चालायला लागलं की दुखणं विरघळतं, इतकं की आपण काही सोंग करत होतो की काय असं वाटावं. आणि जास्त चाललं असेल तर त्याचा हिशेब त्या दिवशी मिळत नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी मिळतो. माझी दुखरी जागा टाचेच्या हाडाच्या दोन-तीन बोटं वर आहे. तिथे चिमटीत धरलं तर कंडरा डाव्या पायापेक्षा जाड लागते. ही सूज कापल्यावर किंवा मुरगळल्यावर येते तशी नव्हे. आतल्या धाग्यांची वीण विस्कटलेली असते आणि त्यांच्यात पाणी जास्त धरलं गेलेलं असतं. त्यामुळे गोळीने आणि शेकाने बरं वाटतं हे खरं, पण वीण त्याने बसत नाही.

मला हे सगळं जिने समजावलं ती फिजिओथेरपिस्ट मुलगी माझ्याच हाताखालून गेलेली, नववी 'ब', शेवटून दुसरा बाक. तिच्या दवाखान्यात गेले तर उभी राहिली आणि म्हणाली, "बसा बाई." मग मला टेबलावर पालथं झोपवून, पोटरी दाबून, एका पायावर चवड्यांवर उभं करून तिने निकाल दिला. "आरामाने हे शांत होतं, पण बरं नाही होत. बंद काहीच करायचं नाही. मोजून करायचं." आणि वहीचं पान फाडून गृहपाठ लिहून दिला. इतक्या वर्षांचा सूड एका पानात.

त्या गृहपाठामागची गोष्ट तिनेच सांगितली. स्वीडनच्या उमिओ शहरात हॉकन आल्फ्रेडसन नावाचे अस्थिशल्यचिकित्सक होते. धावण्याची आवड, आणि हीच कंडरा दुखावलेली. त्यांनी आपल्या वरिष्ठांना सांगितलं, माझं ऑपरेशन करा. वरिष्ठ म्हणाले, तू आठवडेच्या आठवडे रजेवर जाशील, इथे माणसं कुठे आहेत? आल्फ्रेडसन यांनी वेगळा विचार केला. कंडरा पूर्ण तुटलीच तर ऑपरेशन करावंच लागेल. म्हणून ती तुटावी याच इराद्याने ते पायरीच्या कडेवर उभे राहून टाच मुद्दाम खाली सोडण्याचा व्यायाम करू लागले, दुखेल तितका. कंडरा तुटायचं नाव घेईना. उलट दुखणंच कमी होत गेलं. 1998 साली त्यांनी आपल्या सहकाऱ्यांसह पंधरा हौशी धावपटूंवरचा अभ्यास छापला. सरासरी वय 44. दिवसातून दोनदा, गुडघा सरळ ठेवून पंधराचे तीन फेरे आणि गुडघा वाकवून पंधराचे तीन, आठवड्याचे सातही दिवस, बारा आठवडे. पंधराच्या पंधरा जण पुन्हा धावू लागले. रजा नाकारणाऱ्या साहेबांचं नाव वैद्यकाच्या इतिहासात नाही, खरं तर असायला हवं.

दिवसाला एकशे ऐंशी वेळा टाच खाली सोडणं हे ज्याला नोकरी, स्वयंपाक आणि पेपर तपासणी नाही त्याचं काम. 2015 साली कोपनहेगनच्या संशोधकांनी याच व्यायामाची तुलना दुसऱ्या पद्धतीशी केली. आठवड्यातून फक्त तीनदा, पण जड वजन घेऊन आणि अगदी सावकाश. गुण दोन्हींनी सारखाच आला, आणि सावकाशवाले रुग्ण बारा आठवड्यांनी जास्त समाधानी होते. माझ्या वाट्याला हीच दुसरी पद्धत आली.

आमच्या मागच्या दाराला काळ्या दगडाची पायरी आहे, वापरून कड गुळगुळीत झालेली. त्या कडेवर दोन्ही पायांचे चवडे, टाचा बाहेर मोकळ्या. एक हात चौकटीला, तोही फक्त तोल जाऊ नये म्हणून. चौकटीवर भार टाकला तर व्यायाम चौकटीला होतो. पाठीवर मुलाची कॉलेजातली जुनी सॅक, तिच्यात तांदळाची पाच किलोची पिशवी आणि वर दोन नकाशासंग्रह. तीन सेकंदांत वर जायचं, तीन सेकंदांत खाली यायचं. सेकंद मोजायला मला घड्याळ लागत नाही. वर जाताना कृष्णा, कोयना, वेण्णा. खाली येताना उरमोडी, तारळी, नीरा. नदीचं नाव सावकाश, मुलांकडून घोकून घेतल्यासारखं म्हणायचं. आठवी-नववी वेळ आली की पोटरी थरथरते, आणि वेण्णा जरा घाईने वाहायला लागते. तिथे मन घट्ट करून पुन्हा सावकाश. काही महिन्यांनी दोन पायांऐवजी एका पायावर. शेजारच्या वहिनी सुरुवातीला विचारायच्या, बाई काय पुटपुटतात म्हणून. आता विचारत नाहीत.

इथे एक अट आहे. ज्यांचं दुखणं अगदी हाडाला चिकटलेल्या जागी असतं, त्यांनी टाच पायरीच्या खाली सोडायची नसते. त्या जागी कंडरा हाडावर दाबली जाते आणि खोल ताणाने दुखणं चिघळतं. त्यांनी हाच व्यायाम सपाट जमिनीवर करायचा. माझं बघून आमच्या स्टाफरूममधल्या एका मॅडमनी पायरीवरून सुरुवात केली आणि आठवड्याभरात माझ्यावर रागावल्या. दुखण्याची जागा बोटभर खाली-वर झाली तरी गृहपाठ बदलतो. म्हणून एकदा कुणा जाणत्याला दाखवावं, मग आयुष्यभर घरी करावं.

राहिला सगळ्यात मोठा प्रश्न. व्यायाम करताना दुखलं तर थांबायचं की रेटायचं? यालाही उत्तर स्वीडनमधूनच आलं. 2007 साली तिथल्या संशोधकांनी या दुखण्याच्या अडतीस जणांचे दोन गट केले. एकाला पहिले सहा आठवडे धावणं-उड्या मना. दुसऱ्याला मुभा, पण नियमात राहून. दुखणं शून्य ते दहा या पट्टीवर मोजायचं. पाचापर्यंत चालेल. दुसऱ्या दिवशी सकाळी ते शमलेलं हवं, आणि आठवड्यागणिक सकाळचा आखडलेपणा वाढता कामा नये. दोन्ही गट व्यायाम करतच होते आणि दोन्ही सुधारले. धावणाऱ्यांचं काही बिघडलं नाही. माझ्या विद्यार्थिनीने मला पाचाऐवजी चार दिले. म्हणाली, "तुम्ही दुखणं कमी सांगता बाई, तुमची पिढीच तशी."

मला या सगळ्यात हा नियम सर्वांत मोलाचा वाटतो. दुखतंय म्हणजे काहीतरी तुटतंय, अशी एक भीती आपल्या मनात बसलेली असते. ती भीती माणसाला खुर्चीत बसवते, आणि खुर्ची मांडीचे, पोटरीचे स्नायू खाते. उलट बाजूला "दुखलं तरी चालत राहायचं" म्हणणारे वीर आहेत, ते चार दिवस गड चढतात आणि तीन आठवडे झोपतात. या दोघांच्या मधली वाट चारच्या आत आणि उद्या सकाळ बघून, इतकी साधी आहे.

मात्र हिशेब सगळ्याचा धरावा लागतो. मी सुरुवातीला फक्त किल्ल्याची चढण वहीत लिहीत असे. मग ध्यानात आलं की माझी वाईट सकाळ बहुतेकदा किल्ल्यानंतर येतच नाही. येते ती सहामाहीच्या सुपरव्हिजननंतर, तीन-तीन तास वर्गातून येरझारा घातल्यावर. किंवा निवडणुकीच्या ड्यूटीनंतर. किंवा लग्नानंतर, कारण पायात रोजचे बूट सोडून पातळ तळाच्या कोल्हापुरी असतात, मुहूर्तापर्यंत उभं राहायचं असतं आणि मग पंगतीत वाढायचं असतं. बँकेच्या पासबुकासारखं आहे हे, पैसे कुठल्याही शाखेतून काढले तरी खातं एकच. लग्नाच्या आठवड्यात मी किल्ला निम्म्यावर आणते. किल्ला बंद करत नाही.

आता गुडघा. त्याच्याबद्दल आपल्याकडे एक वाक्य ठरलेलं आहे: वंगण संपलं. हे वाक्य इतकं सोयीचं आहे की त्यावर पुढे काही करायचंच उरत नाही. हाडांच्या टोकांवर कूर्चेचं गुळगुळीत आवरण असतं. तिच्यात रक्तवाहिन्या नसतात, मज्जातंतूही नसतात. मग तिला पोषण कुठून मिळतं? सांध्यातल्या द्रवातून. पाऊल टाकलं की कूर्चा दाबली जाते आणि तिच्यातला द्रव बाहेर पडतो; पाऊल उचललं की पुन्हा आत शोषला जातो. चालणं हीच तिची जेवणाची वेळ. गुडघा झिजेल म्हणून त्याला हलवायचं नाही, म्हणजे त्याचं जेवण तोडण्यासारखं आहे.

एक्स-रेचीही अशीच दहशत. माझा एक्स-रे बघून एकांनी "हाडाला हाड लागलंय" असं जाहीर केलं, तेव्हा तो गुडघा उजव्यापेक्षा थोडासाच जास्त दुखत होता. ज्यांचे एक्स-रे वाईट त्यांतल्या कित्येकांना फारसं दुखत नाही, आणि फोटो बरा असून जिना चढता येत नाही असेही भेटतात. फोटोत मांडीचा जोर दिसत नाही, वजन, झोप, काळजी दिसत नाही. गुडघ्यात दुर्बीण घालून आतून साफसफाई करण्याची एक शस्त्रक्रिया पूर्वी फार चाले. अमेरिकेत ह्यूस्टनला डॉ. मोझली यांनी 180 रुग्णांवर तिची परीक्षा घेतली आणि 2002 साली निकाल छापला. एका गटाची साफसफाई केली, दुसऱ्याचा सांधा नुसता धुतला, तिसऱ्याच्या कातडीला फक्त छेद दिले आणि टाके घातले. दोन वर्षं लक्ष ठेवलं. तिन्ही गटांत फरक नाही. गुडघा पार निकामी झाला तर सांधेबदल करावा लागतो, आणि तो अनेकांना नवं आयुष्य देतो हेही मी डोळ्यांनी पाहिलंय. पण मधला जो लांबच लांब पल्ला असतो, तो मांडीच्या स्नायूंनीच काढायचा असतो.

मांडीसाठी माझा व्यायाम म्हणजे खुर्चीतून उठणं-बसणं. हात छातीशी बांधून, बसताना धपकन न पडता. शाळेत ऑफ तासाला करते. वजनाचंही बोलायला हवं, कुणाला आवडत नसलं तरी. गुडघ्याच्या रुग्णांवरच्या 2005 सालच्या एका अभ्यासात दिसलं, की शरीराचं वजन एक किलोने उतरलं तर दर पावलाला गुडघ्यावरचा भार चार किलोंनी उतरतो. तीन-चार किलोंची ही गोष्ट आहे, सडपातळ होण्याची नाही. माझे तेवढे चहाबरोबरच्या खारी-बिस्किटांतून गेले.

उताराचं मात्र मी सरळ राजकारण केलं आहे. अजिंक्यताऱ्यावर वरपर्यंत गाडीरस्ता आहे. मी चढते पायांनी आणि पुष्कळदा उतरते 'ह्यां'च्या स्कूटरवरून. ते वर मंगळाईच्या देवळापर्यंत जाऊन येतात, मी दरवाजाशी वाट बघते. याला काहीजण फसवणूक म्हणतात. ज्या दिवशी स्कूटर नसते त्या दिवशी दोन काठ्या घेते, पावलं आखूड टाकते, आणि तीव्र उतारावर नागमोडी उतरते. एकच काठी असेल तर ती दुखऱ्या गुडघ्याच्या विरुद्ध हातात धरायची. बहुतेक लोक दुखऱ्या बाजूलाच धरतात आणि निम्मा फायदा घालवतात.

मांडी घालून बसण्याबद्दल मला विचारतात. आमच्या आईने ऐंशीपर्यंत जमिनीवर बसून भाजी चिरली. खाली बसणं सोडलं की खालून उठण्याची ताकदही जाते, आणि म्हातारपणी पडल्यावर उठायला तीच लागते. मी पाटावर उशी ठेवून बसते, वीसेक मिनिटांनी आसन बदलते, उठताना हाताचा आधार घेते. गुडघा सुजलेला असेल त्या दिवसांत खुर्ची.

कंडरा फक्त पायात नसतात. 2004 साली सचिन तेंडुलकरला टेनिस एल्बोने गाठलं तेव्हा अख्ख्या देशाला कोपराची एक कंडरा माहीत झाली. 2005मध्ये ऑपरेशन झालं, 2010च्या फेब्रुवारीत ग्वाल्हेरला त्याच कोपराने एकदिवसीय सामन्यातलं द्विशतक काढलं आणि 2013पर्यंत तो खेळला. बहुतेकांना ऑपरेशन लागत नाही, आणि हे दुखणं ज्यांना होतं त्यांतल्या बहुतेकांनी रॅकेट हातात धरलेली नसते. आमच्या शाळेत ते खिचडी शिजवणाऱ्या ताईंना झालं. भल्या मोठ्या पातेल्यात रोज तो लांब दांड्याचा झारा फिरवायचा. त्यांना कुणीतरी इंजेक्शन सुचवलं होतं. स्टेरॉइडच्या इंजेक्शनने काही आठवडे फार बरं वाटतं, पण टेनिस एल्बोमध्ये पुढच्या महिन्यांत इंजेक्शनवाल्यांची स्थिती इतरांपेक्षा वाईट असते, असं 'लॅन्सेट'मध्ये 2010 साली आलेल्या आढाव्यात दिसलं. ताईंनी झाऱ्याच्या दांड्याला जाड कापड गुंडाळलं, ढवळायची पाळी मदतनीस बाईबरोबर वाटून घेतली, आणि पाण्याच्या बाटलीने मनगट सावकाश खाली-वर करण्याचा व्यायाम धरला. पगारी रजा नसलेल्या माणसाला "आराम करा" सांगणं सोपं आहे, तो आराम करणार कुठून?

काही गोष्टी मात्र या सबंध लेखाच्या बाहेरच्या आहेत आणि त्यांत मोजमाप करत बसायचं नाही. टाचेमागे कुणीतरी लाथ मारल्यासारखं वाटलं, 'फट्' आवाज आला आणि चवड्यावर उभं राहता येईना, तर कंडरा तुटलेली असू शकते; त्याच दिवशी दवाखाना. सांधा लाल, गरम, सुजलेला आणि सोबत ताप, तरी तेच. सकाळचा आखडलेपणा तासापेक्षा जास्त टिकत असेल आणि बोटांचे, मनगटांचे सांधे दोन्हीकडे सुजत असतील तर आमवाताची तपासणी करावी. त्याची औषधं वेगळी आहेत आणि ती लवकर सुरू होण्याला फार महत्त्व आहे. मधुमेह असलेल्यांच्या कंडरा लवकर कुरबुरतात, खांदाही त्यांचाच जास्त आखडतो, म्हणून साखर बघावी. आणि सिप्रोफ्लॉक्सासिन, लिवोफ्लॉक्सासिन या आपल्याकडे सर्रास मिळणाऱ्या अँटिबायोटिक गोळ्यांनी क्वचित कंडरा सुजते किंवा तुटते. अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी 2008 साली या गोळ्यांवर ठळक चौकटीत इशारा छापायला लावला. साठीच्या पुढच्यांना आणि स्टेरॉइड घेणाऱ्यांना धोका जास्त. डॉक्टरांनी दिल्या तर टाचदुखी आहे हे त्यांना सांगावं. दुकानातून स्वतःच आणून खाऊ नयेत.

सावकाश आणि जड व्यायाम जमला की कंडरेचं शिक्षण निम्मं होतं. तिचं खरं काम उसळी घेणं, ताण साठवून तो झटक्यात परत करणं. ती परीक्षा शेवटी येते. आधी जागच्या जागी टाचा भरभर उचलणं, मग दोरीशिवाय दोरीच्या लहान उड्या, मग एका पायावर. त्याही रोज नाही, मध्ये एक-दोन दिवस सोडून, कारण उसळीच्या व्यायामानंतर कंडरेला सावरायला वेळ लागतो.

हे मला कळलं ते मंगळागौरीमुळे. आमच्या पेठेत बायकांचा एक गट आहे, श्रावणात घरोघरी खेळ करतो, आणि त्याची म्होरकी आहे माझ्या विद्यार्थिनीची सासू. तिने माझं नाव सुनेला न विचारता घालून टाकलं होतं. मग आम्ही तिघींनी दवाखान्यात बसून खेळांची यादी तपासली. पिंगा चालेल. झिम्म्यात टाळी जोरात, उडी लहान. साधी फुगडी आखूड, आणि पायात बूट. नऊवारीखाली बूट दिसतात हे सासूबाईंना शेवटपर्यंत पटलं नाही. बसफुगडीत उकिडवं बसून एकेक पाय झटक्यात पुढे टाकायचा असतो, म्हणजे गुडघा पूर्ण मिटलेला आणि टाचेला उसळी, दोन्ही दुखण्यांची एकदम सोय. तिचं विचारलं तर माझी विद्यार्थिनी म्हणाली, "बंद नाही बाई. पण ती बारावीत आहे. तुम्ही अजून नववीत."

तोवर सूप नाचवायचं काम माझ्याकडे आहे. त्याला मनगट लागतं, आणि मनगटाने अजून तरी तोंड उघडलेलं नाही.